दरवाजाला पाणी टेकण्याआधी

ऑगस्टच्या पावसात सांगलीत दोनच आकडे विचारले जातात. ‘कोयनेतून किती सोडलंय?’ आणि ‘आयर्विनला किती?’ पहिला क्युसेकमध्ये, दुसरा फुटांत. चहाच्या गाड्यावर माणसं पहिला आकडा ऐकून दुसरा वर्तवतात आणि बहुतेक वेळा चुकतात.

कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 चा. त्याच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत. 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. कठड्याशी गर्दी करून आम्ही जे पाहतो, तेच पुराच्या दिवसांत एक कर्मचारी तासातासाला वहीत उतरवतो. रात्री बॅटरीच्या उजेडात. त्या नोंदींत एक गंमत दिसते. पाणी पात्रात असतं तोवर भराभर चढतं, काठ ओलांडला की मंदावतं. ‘आता संथ झालं,’ म्हणून बघे घरी जातात. खरं तर नदी तेव्हा मळीच्या रानात, उसात आणि सूर्यवंशी प्लॉटात शिरू लागलेली असते. पसरट झाली म्हणून ती सावकाश चढते, एवढंच.

आता क्युसेकचं गणित. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. 11,574 क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी खाली येतं. लाख क्युसेकची आवक दिवसभर टिकली, तर धरणात साडेआठ टीएमसीची भर. ही कोष्टकं इथल्या शेतकऱ्याला शाळकरी पाढ्यांसारखी येतात.

पण कोयना धरणाची जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती या कोष्टकात नाही. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी. सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे. साठा साधारण 73 टीएमसी झाल्यावर पाणी त्या दरवाजांना टेकतं. त्याआधी दरवाजे उचलले काय नि न उचलले काय, थेंब बाहेर येणार नाही. तोवर पूर्वेला पाणी सोडायची मुख्य वाट पायथा वीजगृह, आणि त्याची दोन्ही युनिटं मिळून 2,100 क्युसेक. म्हणजे एक टीएमसी जागा मोकळी करायला साडेपाच दिवस. ‘जुलैतच धरण का नाही रिकामं केलं?’ असं तावातावाने विचारणाऱ्यांपुढे हा भागाकार ठेवावासा वाटतो. पश्चिमेला पोफळीकडे वीजनिर्मितीसाठी पाणी जातं ते वेगळं. ते सह्याद्री उतरून कोकणात जातं, कृष्णेला त्याचा उपयोग नाही.

म्हणजे जे काही हातात आहे, ते वरच्या बत्तीस टीएमसीत. पूर अडवायचा तर त्यातली काही जागा मोकळी ठेवायची आणि पावसाळा संपेपर्यंत तीच भरायचीही. समजा दीड लाख क्युसेक आत येतंय आणि पन्नास हजार बाहेर जातंय. बातमी पन्नास हजाराची होते, अडवलेल्या लाखाची होत नाही. पण मोकळी जागा संपली, की आलेलं तितकंच पुढे ढकलावं लागतं. त्या टप्प्यावर अभियंत्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर आठवडाभर आधीच्या निर्णयाबद्दल विचारावा, आणि तो जरूर विचारावा.

शिवाय सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीला पोहोचेतो साधारण दिवस जातो. तोवर धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून नदीत उतरत असतो. त्याला दरवाजा नाही. हरिपूरला वारणा येऊन मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या तुडुंब असल्या की कृष्णेला पुढे सरकायला वाव उरत नाही, फुगवटा मागे येतो. पंचगंगेकडे तर राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. ठराविक पातळीला ते पाण्याच्या दाबानेच उघडतात, माणसाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद इथे टाळता येत नाही: 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही. कृष्णाकाठच्या अनेकांना ते आजही पटलेलं नाही, आणि अलमट्टीची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करण्याचा विषय निघाला की तो राग पुन्हा वर येतो.

मला मात्र उघडिपीचे दिवस जास्त बोलके वाटतात. लख्ख ऊन, आयर्विनला पाणी काठाच्या बरंच खाली, आणि कोयनेचे दरवाजे फूट-दोन फूट उचललेले. ‘पाऊस नाही तरी का सोडतात?’ असं तेव्हाच ऐकू येतं, आणि पुराच्या दृष्टीने कामाचा विसर्ग नेमका तोच असतो. पण त्याची किंमतही असते: पुढे पाऊस आला नाही, तर सोडलेलं पाणी परत मिळत नाही. 2023 साली पावसाने ओढ दिली, कोयना पूर्ण भरली नाही. त्यानंतर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडा, म्हणून आवाज उठला तो याच सांगलीतून.