जागतिक व्यवहाराचे नियमन आणि माळव्याची अफू : ग्वाल्हेरच्या संदर्भात एक विचार

विषयप्रवेश

जागतिकीकरण हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर 1991 नंतरचे आर्थिक धोरण, परदेशी कंपन्या, संगणक आणि दूरसंचार यांचे चित्र उभे राहते. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतही या विषयाची मांडणी बहुधा तेथूनच सुरू होते. परंतु जगाचे दूरदूरचे भाग व्यापाराने एकमेकांशी जोडले जाणे ही प्रक्रिया याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिच्याबरोबर येणारा प्रश्नही तितकाच जुना आहे. माल, पैसा आणि माणसे सरहद्द ओलांडून जातात. कायदा, न्यायालय आणि पोलीस मात्र सरहद्दीपाशी थांबतात. अशा वेळी या व्यवहाराचे नियमन कोणी करावे, आणि ते कोणाच्या हितासाठी करावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका पिकाच्या आधारे केला आहे. ते पीक म्हणजे माळव्याची अफू. हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. अफू पिकविणारे मंदसौर, नीमच आणि उज्जैन हे भाग पूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. आणि आज भारतातील अफूच्या कायदेशीर लागवडीचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालयही ग्वाल्हेर येथेच आहे. या एका शहराच्या इतिहासातून जागतिक नियमनाचे जवळजवळ सर्व टप्पे पाहता येतात.

भाषेचा पुरावाही येथे बोलका आहे. ग्रीक भाषेतील 'ओपियॉन' हा शब्द अरबीत 'अफयून' झाला, उर्दू-हिंदीत 'अफीम' म्हणून स्थिरावला आणि मराठीत 'अफू' झाला. आपल्या स्वयंपाकघरातील 'खसखस' ही फारसी 'खशखाश'च होय. कोणताही आंतरराष्ट्रीय करार होण्यापूर्वीच या पिकाने आणि त्याच्या नावांनी खंड ओलांडले होते.

1. मक्तेदारीचा प्रयत्न आणि तिचे अपयश

ईस्ट इंडिया कंपनीने 1773 मध्ये बंगाल-बिहारमधील अफूची मक्तेदारी आपल्या हाती घेतली. ही अफू कलकत्त्यास लिलावात विकली जाई व खाजगी व्यापारी ती चीनला नेत. चीनमध्ये अफूच्या आयातीस बंदी होती. तरीही चहाची किंमत चुकविण्यासाठी हा व्यापार कंपनीला आवश्यक वाटत होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कंपनीच्या लक्षात आले की, तिच्या ताब्यात नसलेल्या माळव्यातूनही अफू चीनला पोहोचत आहे आणि तिच्यामुळे बंगालच्या मालाला स्पर्धा निर्माण झाली आहे.

मुंबई बंदरातून माळव्याची अफू जाऊ न देण्याचा प्रयत्न कंपनीने केला. 1818 मध्ये मराठ्यांचा पराभव झाल्यानंतर तिने प्रथम माळव्यातील माल स्वतःच विकत घेऊन पाहिला. पुढे 1820 च्या दशकात माळवा-राजपुतान्यातील अनेक संस्थानांशी अफूची लागवड व वाहतूक मर्यादित करण्याचे करार केले. दौलतराव शिंदे यांनी मात्र असा करार करण्यास नकार दिला. मोठा उत्पादक प्रदेश कराराबाहेर राहिल्यामुळे ही सारी व्यवस्था पोकळ ठरली. उंटांचे काफिले पालीमार्गे मारवाड ओलांडून जैसलमेर आणि तेथून कराचीला जात. कराचीहून माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरात येई आणि दमणहून मकावकडे रवाना होई. सिंध अमीरांकडे होते, दमण पोर्तुगीजांकडे होते. कंपनीचा हुकूम या दोन्ही ठिकाणी चालत नव्हता.

इतिहासकार अमर फारूकी यांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 'स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन' या ग्रंथात या व्यापाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. कंपनीच्या दृष्टीने जी चोरटी वाहतूक होती, तिच्यातून पश्चिम आणि मध्य भारतातील देशी व्यापाऱ्यांनी आपले भांडवल उभे केले, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. मुंबईत या व्यापारातील प्रमुख नावे पाहिली तर पारशी समाजातील जमशेटजी जीजीभाई, जैन समाजातील मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान समाजातील मुहम्मद अली रोगे आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया हे परस्परांचे सहकारी म्हणून आढळतात. नफ्याच्या व्यवहारात धर्म आणि जात आड आली नाही. या संपत्तीतील काही भाग रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्याकडे वळला, हेही खरे. आणि त्या संपत्तीची किंमत दूरच्या चिनी कुटुंबांनी मोजली, हेही तितकेच खरे.

2. बंदीची जागा महसुलाने घेतली

करारांची व्यवस्था निष्फळ ठरल्यावर 1830 च्या सुमारास कंपनीने धोरण बदलले. माळव्याची अफू ठराविक शुल्क भरून परवान्यावर मुंबईमार्गे नेण्यास मोकळीक देण्यात आली. सुमारे 140 पौंड वजनाच्या एका पेटीवर शुल्क आकारले जाई. पर्यायी वाट खुली असेपर्यंत हे शुल्क कमी ठेवणे भाग होते. 1835 नंतर ते 125 रुपये होते. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि 1847 पर्यंत हे शुल्क 400 रुपयांवर गेले.

या घटनेतून नियमनाविषयी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. नियम करणाऱ्याचे उत्पन्नच त्या व्यापारावर अवलंबून असेल, तर नियमाचा हेतू व्यापार आवरणे हा राहत नाही. 1839 मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी कँटन येथील परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. चीनचा कायदा त्यांच्या बाजूने होता, पण तो चीनबाहेर मान्य करून घेण्याचे बळ नव्हते. पुढे युद्ध झाले, 1842 च्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले आणि दुसऱ्या युद्धाच्या काळात, 1858 मध्ये, चीनला अफूची आयात कायदेशीर करावी लागली.

3. करारांचे युग

एकट्या देशाची बंदी टिकत नाही आणि एकट्या सत्तेची मक्तेदारीही टिकत नाही, या अनुभवातून विसाव्या शतकात निराळा मार्ग पुढे आला. 1907 मध्ये ब्रिटन आणि चीन यांनी भारतातून होणारी निर्यात टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरविले, आणि 1913 मध्ये चीनकडे होणारी रवानगी थांबली. दरम्यान 1909 मध्ये शांघाय येथे तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले व 23 जानेवारी 1912 रोजी हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. राष्ट्रसंघाच्या काळात, 1925 च्या जिनिव्हा कराराने आयात-निर्यातीसाठी प्रमाणपत्रांची पद्धत आणली. अखेरीस 1961 मध्ये न्यूयॉर्क येथे अंमली पदार्थांविषयीचा एकत्रित करार मान्य झाला. भारत या कराराचा सदस्य आहे.

या कराराची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक देशाने औषधोपचार व संशोधन यांसाठी आपल्याला किती अंमली पदार्थ लागतील याचा वार्षिक अंदाज व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाकडे पाठवायचा असतो. माल पाठविणाऱ्या देशाने घेणाऱ्या देशाचे आयात प्रमाणपत्र पाहूनच निर्यातीची परवानगी द्यायची असते. मंडळाजवळ सैन्य नाही, पोलीस नाहीत. त्याचे मुख्य साधन म्हणजे दोन देशांचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहणे. तसेच, ज्या देशाला अफूची लागवड चालू ठेवायची आहे त्याने त्यासाठी एक सरकारी यंत्रणा नेमावी, परवाना दिलेल्या जमिनीवरच लागवड होऊ द्यावी आणि हंगाम संपल्यापासून चार महिन्यांच्या आत सर्व पीक ताब्यात घ्यावे, असेही हा करार सांगतो.

4. व्हिएन्नाचा नियम, मंदसौरचे शेत

भारतात ही यंत्रणा म्हणजे वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाखालील केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो. तिचे मुख्यालय 1960 मध्ये सिमल्याहून ग्वाल्हेरला आले. येथील नार्कोटिक्स आयुक्त एकीकडे परदेशी जाणाऱ्या मालाची परवानगी देतात आणि दुसरीकडे मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांना लागवडीचे परवाने देतात. शेतकरी या परवान्याला 'पट्टा' म्हणतात. 2023-24 च्या हंगामासाठी सुमारे 1.12 लाख शेतकरी पट्ट्यास पात्र ठरले होते.

प्रत्यक्ष काम असे चालते. केंद्र सरकार दरवर्षी अफू धोरण जाहीर करते. पट्ट्याचे क्षेत्र फार लहान, बहुधा 10 आर एवढेच असते, आणि अधिकारी ते मोजून पाहतात. बोंडांना चीर देऊन चीक गोळा करण्याच्या दिवसांत गावातील लंबरदार प्रत्येकाच्या उत्पन्नाची रोजची नोंद ठेवतो. शेवटी सर्व अफू तौल केंद्रावर सरकारलाच द्यावी लागते व ती नीमच आणि गाझीपूर येथील कारखान्यांत जाते. एखाद्याचा माल ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरला, तर पुढच्या वर्षी त्याचा पट्टा धोक्यात येतो. 2023-24 च्या धोरणानुसार चीक काढण्याच्या पट्ट्यासाठी हेक्टरी किमान 4.2 किलो मॉर्फिन भरणे आवश्यक होते. न्यूयॉर्कमध्ये मान्य झालेले कलम येथे शेतकऱ्याच्या वहीतील ग्रॅमच्या आकड्यापर्यंत येऊन पोहोचते. गारपीट झाली किंवा नीलगाय शेतात शिरली तरी हिशेब द्यावाच लागतो. जागतिक नियमनाचा भार अंतिमतः कोणाच्या खांद्यावर येतो, हे यावरून समजावे.

दूरच्या बाजारपेठेचे धोरणही या शेतावर परिणाम करते. अमेरिकेने 1981 पासून आपल्या औषध उद्योगासाठी लागणाऱ्या या कच्च्या मालापैकी किमान 80 टक्के माल भारत व तुर्कस्तान या पारंपरिक उत्पादकांकडून घेण्याचा नियम केला. तुर्कस्तानने 1970 च्या दशकाच्या प्रारंभी लागवड बंद केली होती. 1974 मध्ये ती पुन्हा सुरू करताना बोंडांना चीर न देता सुक्या बोंडांतूनच मॉर्फिन काढण्याची पद्धत स्वीकारली. चीक निघतच नसल्यामुळे तो चोरट्या मार्गाने जाण्याचा धोका कमी होतो. भारतानेही 2021-22 पासून काही शेतकऱ्यांना न चिरलेली बोंडे देण्याचे पट्टे दिले आहेत.

5. ज्याच्यासाठी हे पीक, तो रुग्ण

येथपर्यंतच्या विवेचनावरून ही व्यवस्था यशस्वी आहे असे वाटेल, आणि एका अर्थाने ती आहेही. परंतु 1961 च्या कराराची प्रस्तावना दोन गोष्टी सांगते : व्यसनाला आळा घालणे, आणि वेदना शमविण्यासाठी ही औषधे उपलब्ध ठेवणे. यांपैकी दुसरे उद्दिष्ट मागे पडले.

भारतात 1985 मध्ये अंमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यातील शिक्षा कडक होत्या आणि परवान्यांची पद्धत राज्यागणिक वेगळी व गुंतागुंतीची होती. परिणामी औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि देशातील त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. ज्या देशातून मॉर्फिनचा कच्चा माल जगाला जातो, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण त्या औषधावाचून तळमळत राहिले. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या वैद्यकीय कार्यकर्त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आवश्यक वेदनाशामक औषधांसाठी देशभर एकसारखी, सोपी पद्धत आली. तरीही अनेक जिल्ह्यांत ही औषधे सहज मिळत नाहीत.

जगाचे चित्रही असेच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये दाखवून दिले की, जगात वर्षाला वितरित होणाऱ्या, मॉर्फिनच्या मापाने 298.5 टन भरणाऱ्या अशा औषधांपैकी केवळ 0.1 टन सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येते. किती माल चोरीस गेला याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था जगाने उभी केली. किती माणसे औषधाविना राहिली याची जबाबदारी मात्र तितक्या काटेकोरपणे कोणावरही टाकली नाही.

6. बदलते स्वरूप

आजचे आव्हान आणखी कठीण आहे. एप्रिल 2022 मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली. 2023 मध्ये तेथील अफूचे उत्पादन सुमारे 95 टक्क्यांनी घटले आणि म्यानमार सर्वांत मोठा उत्पादक ठरला. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईची वाट अडविल्यावर माल दमणला गेला. तसेच आजही एका ठिकाणी बंदी आली की दुसरे ठिकाण पुढे येते. शिवाय फेंटानिलसारखी कृत्रिम द्रव्ये रसायनांपासून बनतात. त्यांना शेत लागत नाही, म्हणून मोजायला जमीन नाही आणि नोंद ठेवायला लंबरदारही नाही. अ‍ॅसेटिक अनहायड्राइडसारखे रसायन वैध उद्योगातही लागते आणि हेरॉइन बनविण्यासही. अशा रसायनांसाठी 1988 च्या करारानुसार निर्यातीपूर्वी दुसऱ्या देशाला सूचना देण्याची पद्धत आहे. भारतातून हे कामही ग्वाल्हेरच्याच कचेरीतून चालते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(1) परस्परांशी जोडलेल्या जगात एकट्या सत्तेचा नियम, ती कितीही बलाढ्य असली तरी, पर्यायी वाट खुली असेपर्यंत टिकत नाही. दौलतराव शिंदे यांचा नकार आणि दमण बंदर ही त्याची साक्ष होय.

(2) नियम करणाराच व्यापाराचा लाभार्थी असेल तर नियमनाचे रूपांतर महसुलात होते.

(3) आंतरराष्ट्रीय करार टिकतो तो समान मोजमाप आणि एकमेकांना दाखविलेला हिशेब यांच्या बळावर. पण हा हिशेब खरा ठरतो तो गावपातळीवर. म्हणून तेथील शेतकऱ्याचे म्हणणे धोरणात उमटले पाहिजे.

(4) केवळ गैरव्यवहार मोजणारे नियमन अर्धेच नियमन होय. ज्याच्या गरजेसाठी व्यवस्था उभारली, त्या गरजूपर्यंत वस्तू पोहोचली की नाही, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले पाहिजे.

हवामान, साथीचे रोग, औषधांचे हक्क, संगणकीय माहिती अशा आजच्या अनेक प्रश्नांना हीच कसोटी लावता येईल. अध्यापक बंधू-भगिनींनी जागतिकीकरणाचा घटक शिकविताना आपल्या परिसरातील एखादे पीक, कारखाना किंवा कचेरी निवडावी आणि तिच्यावर कोणत्या दूरच्या कराराचा अंमल चालतो, त्याचा भार कोण वाहतो व लाभ कोणास मिळतो, हे विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावे. मंदसौरचा शेतकरी ग्रॅमाग्रॅमचा हिशेब देतो. त्याच काटेकोरपणाने रुग्णाच्या वेदनेचा हिशेब देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वर्गात विचारला जाणे आवश्यक आहे.