२०२५ खो-खो विश्वचषकात भारत

२०२५ चा खो-खो विश्वचषक ही या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा होय. ती १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीतील इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये झाली. स्पर्धेत पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ उतरले. भारताने दोन्ही गटांत एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले आणि दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळचा पराभव केला. पुरुष संघाचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि महिला संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे यांनी केले. दोघेही महाराष्ट्राचे खेळाडू आहेत.

पार्श्वभूमी

खो-खोला नियमबद्ध स्वरूप देण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतले. पुढे हा खेळ शाळा, तालमी आणि क्रीडा मंडळे यांच्या आधाराने महाराष्ट्रभर रुजला. २०१६ मध्ये गुवाहाटी व शिलाँग येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत आणि २०१९ मध्ये नेपाळमधील स्पर्धेत भारताने खो-खोची दोन्ही सुवर्णपदके जिंकली. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. मॅटवरील खेळ, छोटे डाव आणि दूरचित्रवाणीला साजेशी गुणपद्धती यांची ओळख बहुसंख्य प्रेक्षकांना या साखळीतून झाली.

विश्वचषकातही हाच वेगवान प्रकार स्वीकारण्यात आला. सामना चार डावांचा असतो आणि प्रत्येक संघाला दोनदा आक्रमण व दोनदा संरक्षण करावे लागते. गडी बाद केल्यास आक्रमण करणाऱ्या संघाला दोन गुण मिळतात. संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक काळ टिकली, तर संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण मिळतात. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. त्यामुळे संरक्षण हे केवळ वेळ काढण्याचे साधन राहत नाही, तर गुणफलकावरही त्याची नोंद होते.

स्पर्धेपूर्वीचे अंदाज

बहुतेक खेळांत राष्ट्रीय संघाच्या शक्यतेची चर्चा ‘संघ मुख्य स्पर्धेत पोहोचेल का?’ या प्रश्नापासून सुरू होते. रग्बी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९८७ पासून भरणाऱ्या रग्बी विश्वचषकासाठी भारत एकदाही पात्र ठरलेला नाही. ऑस्ट्रेलियात होणाऱ्या २०२७ च्या स्पर्धेत संघांची संख्या २४ करण्यात आली, तरी आशियाई अजिंक्यपदाद्वारे मिळणारी थेट जागा हाँगकाँगने पटकावली. खो-खोच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी होती. भारत जिंकेल हे जवळजवळ गृहीत होते. चाहत्यांपुढचा प्रश्न वेगळाच होता: भारताला कोणी झुंज देईल का, आणि न दिल्यास या विजेतेपदाचे मोल काय?

भारताच्या बाजूने असलेली कारणे स्पष्ट होती. शालेय स्तरापासून राष्ट्रीय स्तरापर्यंत चालणारी स्पर्धांची साखळी, व्यावसायिक साखळी स्पर्धेचा अनुभव आणि घरचे मैदान या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला दुसरा देश नव्हता. अनेक परदेशी संघांसाठी हा खेळ नवाच होता.

सावधगिरी बाळगण्याचे कारण कबड्डीने दिले होते. २०१६ च्या अहमदाबाद येथील कबड्डी विश्वचषकात भारताने अंतिम सामन्यात इराणला ३८–२९ असे हरवले. मात्र त्याच स्पर्धेचा पहिला सामना भारताने दक्षिण कोरियाविरुद्ध ३२–३४ असा गमावला होता. दोनच वर्षांनी, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत, इराणने भारताच्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत आणि महिला संघाला अंतिम सामन्यात नमवले. खेळाचे माहेर आपल्याकडे असले, तरी वर्चस्व कायमचे आपलेच राहते असे नाही, हा त्या निकालांचा धडा होता.

भारताची वाटचाल

सुरुवातीच्या कार्यक्रमानुसार पुरुष संघाचा पहिला सामना पाकिस्तानशी होणार होता. तो संघ स्पर्धेत आला नाही आणि १३ जानेवारीची सलामी नेपाळविरुद्ध झाली.

पुरुष संघाचे निकाल:
साखळी फेरी – नेपाळ ४२–३७, ब्राझील ६४–३४, पेरू ७०–३८, भूतान ७१–३४
उपांत्यपूर्व फेरी – श्रीलंका १००–४०
उपांत्य फेरी – दक्षिण आफ्रिका ६२–४२
अंतिम सामना – नेपाळ ५४–३६

महिला संघाचे निकाल:
साखळी फेरी – दक्षिण कोरिया १७५–१८, इराण १००–१६, मलेशिया १००–२०
उपांत्यपूर्व फेरी – बांगलादेश १०९–१६
उपांत्य फेरी – दक्षिण आफ्रिका ६६–१६
अंतिम सामना – नेपाळ ७८–४०

पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने पहिल्या आक्रमणात २६ गुण मिळवले आणि नेपाळने १८ गुणांनी उत्तर दिले. तिसऱ्या डावात भारताने आणखी २८ गुणांची भर घातली. नेपाळला चौथ्या डावातही १८ गुणांवरच थांबावे लागले. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने आक्रमणाच्या दोन डावांत अनुक्रमे ३४ व ३८ गुण मिळवले. उरलेले सहा गुण संरक्षण करताना, ड्रीम रनमधून आले.

निकालांचे विश्लेषण

महिला संघाने सहा सामने सरासरी सुमारे ८४ गुणांच्या फरकाने जिंकले, तर पुरुष संघाने सात सामने सरासरी सुमारे २९ गुणांच्या फरकाने. केवळ विजेतेपदे पाहिली तर दोन्ही संघांचे वर्चस्व सारखे वाटते. आकड्यांतून मात्र दोन वेगळी चित्रे दिसतात.

पुरुषांच्या गटात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने भारताविरुद्ध ३४ ते ४२ गुण मिळवले. ब्राझील, पेरू आणि भूतान यांसारखे संघही त्याला अपवाद नव्हते. म्हणजे भारताच्या संरक्षकांना बाद करण्याची क्षमता सर्व संघांत कमीअधिक सारखी होती. फरक पडला तो भारताच्या आक्रमणाला किती प्रतिकार झाला यामुळे. श्रीलंकेविरुद्ध भारताने १०० गुण मिळवले, पण सलामीला नेपाळने त्याला ४२ वर रोखले. पुरुष संघाची खरी कसोटी पहिल्याच दिवशी लागली आणि पाच गुणांचा तो फरक भारताच्या सामन्यांतील सर्वांत कमी ठरला. सहा दिवसांनी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हा फरक १८ गुणांचा झाला.

महिलांच्या गटात अंतिम सामन्यापर्यंत एकाही संघाला भारताविरुद्ध २० पेक्षा अधिक गुण मिळवता आले नाहीत. नेपाळने मात्र ४० गुण मिळवले, म्हणजे इतरांच्या किमान दुप्पट. पराभूत होऊनही नेपाळने भारतीय संरक्षण भेदता येते हे दाखवून दिले.

उपांत्य फेरीतील इतर संघांवरूनही खेळाच्या प्रसाराचा अंदाज येतो. दक्षिण आफ्रिकेचे दोन्ही संघ तेथवर पोहोचले. पुरुषांत इराण आणि महिलांत युगांडा हे नेपाळचे उपांत्य फेरीतील प्रतिस्पर्धी होते. अंतिम सामने दक्षिण आशियापुरते राहिले, परंतु त्याआधीची पायरी आशिया आणि आफ्रिका या दोन खंडांनी गाठली.

महाराष्ट्र आणि खान्देश

पुरुष संघात वाईकर यांच्यासह सुयश गरगटे, रामजी कश्यप, आदित्य गणपुले आणि अनिकेत पोटे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. महिला संघात इंगळे यांच्यासह अश्विनी शिंदे आणि रेश्मा राठोड यांचा समावेश होता. राष्ट्रीय संघाला इतके खेळाडू एका राज्यातून मिळतात, याचे मूळ राज्यातील स्पर्धांच्या रचनेत आहे.

ही रचना खान्देशाच्या उदाहरणावरून समजून घेता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे शालेय क्रीडास्पर्धांसाठी नाशिक विभागात येतात. १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे शालेय संघ प्रथम तालुका पातळीवर खेळतात. तेथील विजेते जिल्हा स्पर्धेत आणि जिल्ह्याचे विजेते विभागीय स्पर्धेत उतरतात. विभागाचा विजेता राज्य स्पर्धेत जातो आणि तेथून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी निवड होते. महाविद्यालयीन खेळाडूंसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मार्ग आहे. तिन्ही जिल्हे याच विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतात.

या मार्गावर एक अडचण आहे. विश्वचषक आणि व्यावसायिक साखळी मॅटवर खेळली जाते, तर ग्रामीण शाळांतील खेळ प्रामुख्याने मातीच्या मैदानावर होतो. मातीवर पाय घसरण्याचा अंदाज घेऊन वळावे लागते. मॅटवर पकड घट्ट मिळते, त्यामुळे वेग वाढतो आणि सूर मारून गडी टिपणे सोपे होते. खांबाजवळचे वळण व हुलकावणीचा क्षणही बदलतो. मातीवर घडलेल्या खेळाडूला वरच्या पातळीवर गेल्यावर ही सवय नव्याने लावावी लागते.

पुढील आव्हाने

खो-खोला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळवून देणे हे भारतीय खो-खो महासंघाचे जाहीर उद्दिष्ट आहे. एकाच देशाची मक्तेदारी असलेल्या खेळापेक्षा अनेक देशांत चुरशीने खेळला जाणारा खेळ या उद्दिष्टाला अधिक पूरक ठरतो. त्यामुळे भारताच्या दृष्टीने प्रतिस्पर्धी बलवान होणे ही काळजीची बाब असली, तरी खेळाच्या दृष्टीने ती गरज आहे. १०० गुणांच्या विजयांपेक्षा नेपाळविरुद्धचा ४२–३७ हा निकाल खेळाच्या भवितव्याविषयी अधिक आशा निर्माण करणारा आहे. कबड्डीत इराणने जे केले, ते खो-खोत नेपाळ किंवा दक्षिण आफ्रिका करू शकेल का, हा पुढील विश्वचषकांपुढचा मुख्य प्रश्न राहील.