वेठ बंद करणारा राजा

राजा मनाने चांगला असला म्हणजे पुरते का? फ्रान्स देशाची एक हकीकत आम्ही सांगतो.

१७७४ साली सोळावा लुई तिथे गादीवर आला. वय एकोणीस. माणूस दयाळू. कुलपे बनवायचा त्याला भारी नाद! पण राज्य कर्जात बुडालेले. सरदार व धर्मगुरू बहुतेक करांतून मोकळे. सारा बोजा गरिबांवर. शिवाय शेतकऱ्यांना रस्त्याची वेठ. म्हणजे मजुरी नाही, नुसते राबायचे.

तुर्गो नावाचा मंत्री होता. रस्त्याचा खर्च जमीनवाल्यांनी द्यावा, असे त्याने ठरवले. १७७६ साली राजाने वेठ बंद केली. सरदार चिडले. राजा डगमगला. थोड्याच महिन्यांत त्याने मंत्र्यालाच काढले. त्याच वर्षी वेठ परत आली. आम्हाला वाटते, राजा चुकला तो इथेच.

१७८८ साली पीक बुडाले. पाव, म्हणजे तिथली भाकरी, महागली. १७८९ साली लोक उठले. राजाने नव्या कायद्यांवर सह्या केल्या, पण मन त्यात नव्हते. १७९१ साली तो नोकराच्या वेषात पळाला. वारेन गावी सापडला. मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.