पोचपावती

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला नोटीस म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. थकलेल्या कर्जाच्या शेकडो नोटिसा माझ्या सहीने गेल्या. रजिस्टर ए. डी.ने पत्र जायचे, आठ-दहा दिवसांनी गुलाबी पोचपावती परत यायची, ती फाइलला टाचली की आमचे कर्तव्य संपले. पावतीवर कर्जदाराची सही आहे की शेजाऱ्याची, पत्र कुणी वाचले की नाही, हे बघायची पद्धत नव्हती. नोटीस 'बजावली गेली' एवढे पुरे. या वृत्तीची किंमत मला कळली ती निवृत्तीनंतर, आणि तीही एका मोटारीमुळे.

२०१८ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो, तेव्हा माझी पाच वर्षे वापरलेली छोटी गाडी मी आमच्या शाखेतल्या दफ्तरींना विकली. सगळी शाखा त्यांना मामा म्हणे. तेही माझ्या आधी दोन वर्षे निवृत्त होऊन कराडजवळच्या आपल्या गावी गेले होते. गाडी हवी होती मुलासाठी. गावातल्या कुणाला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायचे असले, की तो नेत असे. मी टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, पेढे खाल्ले आणि विषय संपवला. गाडी नावावर करून घेण्याचे मामांकडून राहून गेले. आपल्याकडे ते राहतेच.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मला गाडीच्या कंपनीचे पत्र आले. भाषा अत्यंत अदबशीर. आपल्या वाहनाच्या एअरबॅगच्या वायरिंगमधल्या एका जोडणीत दोष असण्याची शक्यता आहे, तरी जवळच्या सर्व्हिस सेंटरवर गाडी आणावी, तपासणी व दुरुस्ती विनामूल्य होईल. मी ते उभ्या उभ्या वाचले. मामांना फोन करायला हवा, असे मनाशी म्हटले आणि पत्र टेबलाच्या खणात, विम्याच्या कागदांवर ठेवून दिले. कंपनी कोणती, ते सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. तिने आपले पत्र पाठवले होते.

एअरबॅग हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त सिनेमात उघडलेला पाहिला असतो. टक्कर झाली की गाडीतला सेन्सर ती ओळखतो, एका छोट्या नियंत्रकाकडून विजेचा इशारा निघतो, स्फोटक ठिणगी पडून वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावे लागेल इतक्या झटपट, पापणी लवायच्या आत. पण हा डोलारा उभा आहे तो एका तारेवर. चालकाच्या एअरबॅगची तार तर स्टीअरिंगमधून जाते, आणि स्टीअरिंग फिरत असते. म्हणून तिथे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी केबल बसवतात. चाक फिरेल तशी ती सैल होते, आवळते. ती तुटली की इशारा पिशवीपर्यंत पोचतच नाही.

ही काही कल्पनेतली भीती नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये टोयोटाने जगभरातल्या साठ लाखांहून अधिक गाड्या वेगवेगळ्या दोषांसाठी परत बोलावल्या. त्यातला एक मोठा दोष नेमक्या याच केबलचा होता. आपल्याकडच्या सुमारे ४५ हजार इनोव्हा गाड्यांचाही त्यात समावेश होता, २००५ ते २००८ या काळात बनलेल्या. म्हणजे सदोष केबलवर या गाड्या सहा ते नऊ वर्षे धावल्या होत्या.

त्याच वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सचे प्रकरण गाजले. तिथे दोष किल्ली फिरवायच्या स्विचचा होता. जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो चालत्या गाडीत आपोआप सरके. इंजिन बंद पडे आणि एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटे. २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली, आणि २०१५ मध्ये कंपनीला ९० कोटी डॉलर भरावे लागले. त्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलोच. कंपनीने २००६ च्या सुमारास तो स्विच गुपचूप सुधारला होता, पण सुट्या भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला. त्यामुळे जुना वाईट स्विच कोणता आणि नवा चांगला कोणता, हे कागदावरून कुणाला कळेना. आमच्याकडे लेजरमधला एक आकडा खोडला, तरी शेजारी आद्याक्षरे करावी लागत. सहीशिवायची दुरुस्ती ही चूक नसते, ती लबाडी असते, हे पहिल्या आठवड्यात नव्या कारकुनालाही शिकवले जाई.

आपल्याकडे वाहन परत बोलावण्याची पद्धत बरीच वर्षे कंपन्यांच्या मर्जीवर होती. २०१२ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक संहिता केली. कायद्याचे बळ मिळाले ते मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता सात वर्षांपर्यंतच्या वाहनांत सुरक्षेचा दोष निघाला, तर सरकार ते परत बोलवायला लावू शकते आणि एक कोटीपर्यंत दंडही करू शकते. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या नियंत्रकाच्या संशयावरून बोलावल्या. हे चांगले लक्षण आहे. चूक जाहीर करणारी कंपनी मला चूक न करणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. दुसऱ्या प्रकारची कंपनी अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.

पण कायदा झाला तरी पत्र जाते ते दप्तरी नोंद असलेल्या मालकाकडे. गाडी दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती गेलेली असते. आणि ते पत्र कुठल्या तरी खणात असते.

माझ्या खणातले मला सापडले ते पुढच्या मार्चमध्ये, आयकराचे कागद शोधताना. चार महिने झाले होते. हात गार पडले. तसाच मामांना फोन लावला. इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, "मामा, गाडीत तो एअरबॅगचा तांबडा दिवा लागून राहतो का हो?"

"लागत होता साहेब. किल्ली फिरवली की लागायचा आणि विझायचाच नाही. दिवाळीपासून चालू होतं. पोराला रात्रीचा त्रास व्हायचा म्हणून गॅरेजवाल्यानं त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. आता काही त्रास नाही."

गाडी सुरू केल्यावर तो दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. विझला नाही, तर यंत्रणा सांगत असते की माझ्यात बिघाड आहे, टक्कर झाली तर माझ्या भरवशावर राहू नका. गाडी आपल्या परीने बोलत होती. आम्ही तिच्या तोंडाला पट्टी लावली होती, मी इकडे आणि त्यांनी तिकडे. आणि त्या गाडीतून आजारी माणसे हायवेने कोल्हापूरला जात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी कराडला गेलो. मामांचा मुलगा, मामा आणि मी कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरवर पोचलो. तिथल्या पोराने चासी नंबर संगणकावर टाकला. गाडीची नोंद होतीच. दीड तासात काम झाले, पैसे लागले नाहीत. चिकटपट्टी त्याने नखाने खरवडून काढली. किल्ली फिरवल्यावर दिवा लागला आणि विझला. आम्ही तिघेही तो विझताना बघत राहिलो. परतताना वाटेत गाडी मामांच्या नावावर करण्याचे कागदही तयार करायला टाकले.

एस.टी. स्टँडवर मला सोडताना मामा म्हणाले, "साहेब, एवढ्याशा वायरसाठी तुम्ही पुण्याहून आलात. कोण येतं हो आजकाल?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बसमध्ये चढलो. पत्र चार महिने माझ्याकडे पडून होते, हे सांगितले नाही. पुढेही कधी सांगितले नाही. दर दिवाळीला त्यांच्याकडून काकवीचा डबा येतो, आणि तो मी घेतो.

जुनी गाडी घेतलेल्या वाचकांना एवढेच सांगणे, की चासी नंबर घेऊन एकदा कंपनीत चौकशी करा. गाडी विकलेल्यांनी ती आपल्या नावावरून गेली का, हे बघा आणि आलेले पत्र त्याच दिवशी पुढे पाठवा.

मामा रविवारची ही पुरवणी वाचतात. त्यांचा फोन येईल. यंदाचा डबा येईल की नाही, ते मात्र ठाऊक नाही.