विद्यापीठांची पुस्तके आणि आपला धंदा

विद्यापीठाचे प्रकाशन म्हटले की परीक्षेची पुस्तके आणि जाडजूड प्रबंध एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. दुकानदाराचा किंवा कारागिराचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु मालेगाव-भिवंडीचे मागवाले, बनारसचे विणकर, लखनौच्या चिकनकाम करणाऱ्या बायका यांच्या धंद्याचा बारकाईने केलेला अभ्यास छापला आहे तो याच प्रकाशनांनी. ज्यांच्यावर तो लिहिला गेला त्यांच्या घरापर्यंत मात्र तो सहसा पोहोचत नाही. म्हणून ही प्रकाशने काय आहेत आणि त्यांतून आपल्या कामाचे काय निवडावे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

हा व्यवहार चालतो कसा?

केंब्रिज विद्यापीठाला छपाईची राजसनद १५३४ साली मिळाली. अमेरिकेत अखंड चालू असलेले सर्वांत जुने विद्यापीठ प्रकाशन जॉन्स हॉपकिन्सचे. ते १८७८ साली सुरू झाले. ऑक्सफर्डने मुंबईत आपली शाखा १९१२ साली उघडली.

साधा प्रकाशक पुस्तक किती खपेल हे पाहतो. विद्यापीठाचे प्रकाशन आधी माल खरा आहे की नाही हे तपासते. हस्तलिखित त्या विषयाच्या बाहेरच्या जाणकारांकडे जाते, त्यांचे लेखी अभिप्राय येतात, लेखकाला दुरुस्त्या कराव्या लागतात आणि प्राध्यापकांच्या मंडळाने मान्यता दिल्यावरच छपाई होते. यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. प्रती बहुधा काही शेच निघतात, त्यामुळे दर प्रतीमागे खर्च जास्त पडतो. पहिली कापडी बांधणीची आवृत्ती ग्रंथालयांसाठी महाग असते. कागदी बांधणीची स्वस्त आवृत्ती पुष्कळदा मागाहून येते. काही पुस्तकांची खास भारतासाठी कमी किमतीची आवृत्तीही निघते. थोडी वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा यात फायदा असतो.

'प्रादेशिक' पुस्तके

अमेरिकेतील राज्य विद्यापीठांच्या यादीत 'प्रादेशिक' असा एक वेगळा विभाग असतो. आपल्या राज्यातील शेती, नद्या, जुनी घरे, हस्तकला, खाद्यपदार्थ, लोकांच्या आठवणी यांवरची ही पुस्तके. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रकाशन १९२२ साली निघाले आणि त्याने दक्षिणेकडील राज्यांच्या जीवनावरची पुस्तके हीच आपली ओळख केली. नेब्रास्का विद्यापीठाची गोष्ट तर व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. ब्लॅक एल्क या लाकोटा आदिवासी वृद्धाच्या तोंडून ऐकलेले आत्मकथन १९३२ साली एका व्यापारी प्रकाशकाने छापले होते. ते खपले नाही. नेब्रास्काने १९६१ साली तेच पुस्तक स्वस्त आवृत्तीत काढले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या विकले गेले. जो माल एकाने पडीक ठरवला, त्याचेच दुसऱ्याने कायमचे गिऱ्हाईक तयार केले.

आपल्या कामाची पुस्तके

पहिले नाव डग्लस हेन्स यांच्या पुस्तकाचे. पश्चिम भारतातील छोट्या गावांचे भांडवल, कारागीर आणि व्यापारी हा त्याचा विषय; काळ १८७० ते १९६०; केंब्रिजने ते २०१२ साली काढले. गिरणीच्या कापडापुढे विणकर संपला, असे आपण सरसकट बोलतो. हेन्स दाखवतात की तो संपला नाही. नवे सूत, नवे रंग आणि पुढे वीज घेऊन छोट्या कारखानदारांनी आपली जागा राखली, आणि त्यातूनच यंत्रमागाची गावे उभी राहिली. कारखान्यातल्या मजुराच्या वाट्याला काय आले, तेही त्यांनी झाकून ठेवलेले नाही. मालक आणि मजूर दोघांनीही वाचावे असे हे पुस्तक आहे.

नीता कुमार यांचे बनारसच्या कारागिरांवरचे पुस्तक प्रिन्स्टन विद्यापीठाने १९८८ साली छापले. विणकर, धातुकाम करणारे आणि लाकूडकाम करणारे यांची करमणूक, सण, आखाडे आणि मोहल्ले त्यात आहेत. लखनौच्या चिकनकामातील स्त्रियांची मजुरी आणि कसब यांवर क्लेअर विल्किन्सन-वेबर यांचे पुस्तक न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने १९९९ साली काढले. दख्खनच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांनी रिचर्ड ईटन यांचे २००५ चे केंब्रिजचे पुस्तक पाहावे. आठ माणसांच्या चरित्रांतून लिहिलेल्या या इतिहासात मलिक अंबर आहे, तसे तुकारामही आहेत.

निवड कशी करावी?

पुस्तक हाती आले की आधी शेवटची सूची उघडावी. तीत आपल्या गावाचे, आपल्या धंद्याचे नाव किती वेळा आले आहे ते पाहावे. मालाचा नमुना पाहण्यासारखेच हे आहे. मग प्रस्तावना आणि आपल्या विषयाचे एक प्रकरण वाचावे. सगळे पुस्तक वाचलेच पाहिजे असे नाही. इंग्रजी जड वाटल्यास कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना बसवून अर्थ सांगायला लावावा. त्यांचाही अभ्यास होतो. विकत घेण्यापूर्वी जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करावी. काही प्रकाशने आता निवडक पुस्तके इंटरनेटवर फुकट देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यासाठी २०१५ साली 'ल्युमिनॉस' ही योजना सुरू केली.

जुन्या वह्या जपा

आणखी एक गोष्ट. कैरोच्या जुन्या वस्तीतील यहुदी प्रार्थनास्थळात लिहिलेले कागद नष्ट न करता एका खोलीत टाकत असत, कारण त्यांवर अल्लाहचे नाव असू शकते. आपणही असे कागद पायदळी जाऊ देत नाही. त्या खोलीत व्यापाऱ्यांची पत्रे, हुंड्या, मालाच्या याद्याही साचल्या. १८९७ च्या सुमारास त्यांतील मोठा साठा केंब्रिजला गेला. त्यांवरून गोइटाइन यांनी मध्ययुगीन व्यापारी समाजाचा सहा खंडांचा इतिहास लिहिला आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो १९६७ ते १९९३ या काळात छापला. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोणी कोणाला किती उधार दिले, कुठल्या बंदरात माल भिजला, हे आज वाचता येते.

आपल्याकडे दुकान बदलले किंवा वाटण्या झाल्या की आजोबांच्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात. सुताचे भाव, मजुरीचे दर, पेढीची पत्रे, जुने परवाने किलोच्या भावाने विकले जातात. मग आपला इतिहास सरकारी दप्तरावरून लिहिला जातो आणि त्यात आपली बाजू येत नाही. वाळवी लागणार नाही अशा जागी या वह्या ठेवाव्यात, त्यांवर साल आणि गाव लिहून ठेवावे. अभ्यासक दारात आला तर मूळ वही हातची सोडू नये, झेरॉक्स द्यावी. आणि पुस्तक छापून आल्यावर त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात यावी, अशी अट आधीच घालावी.