हात आवरायचं वय

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवची असो की पुण्याची, कुठल्याही अंगणवाडीत अडीच-तीन वर्षांची चार पोरं एका खेळण्याभोवती बसवा. थोड्याच वेळात कुणी ढकलेल, कुणी चावेल, कुणी झिंज्या ओढेल. फारशी इजा होत नाही म्हणून आपण हसतो. पण किती वेळा हात उगारला याचा हिशेब मांडला, तर माणूस सर्वाधिक मारामारी याच वयात करतो, असं कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्ब्ले सांगतात. ‘संगतीनं मारायला शिकला’ हे पारावरचं निदान म्हणूनच अर्धवट आहे. मारणं शिकवावं लागत नाही, हात आवरणं शिकवावं लागतं.

‘माझं आहे, दे’ असं म्हणता आलं, की ओरबाडणं कमी होतं. दम धरणं हे मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं काम, आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. शाळेच्या वयात राग हातातून तोंडात येतो : चिडवणं, चहाड्या, कट्टी, खेळात न घेणं.

मॉन्ट्रियलच्या गरीब वस्त्यांतल्या १,०३७ मुलग्यांचा पंधराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा बहुतेकांची मारामारी ओसरलेली दिसली. सुमारे ४ टक्क्यांची नाही. न्यूयॉर्क राज्यात १९६० साली आठ वर्षांची असलेली मुलं २२ वर्षांनी पुन्हा गाठली. त्यांच्यातली लहानपणी जास्त आक्रमक असलेली मुलं गुन्ह्यांत अधिक सापडली होती, आणि स्वतःच्या पोरांनाही अधिक कठोर शिक्षा करत होती.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये अशा वागण्याच्या दोन वाटा वेगळ्या दाखवल्या. एक बालपणापासून चालत आलेली. दुसरी मिसरूड फुटताना, दोस्तांत भाव मिळावा म्हणून धरलेली; कामधंदा, संसार लागला की बहुतेकांची ती सुटते. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांत अल्पवयीन मुलं सापडू लागली, तेव्हा ही दुसरी वाट लक्षात ठेवायला हवी होती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो. पण त्याआधी त्याची समज आणि परिस्थिती तपासावी लागते.

आवरणं बिघडतं ते बहुधा घरात. पोरगं किंचाळलं की मोबाइल द्यायचा, नाहीतर थोबाडीत द्यायची. दोन्हींतून ते एकच शिकतं, की जोर केला की काम होतं. शाळेत छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी केली. घरातली छडी मात्र अजून ‘वळण’ म्हणून खपते.

इंदापूर तालुक्यात गाळप हंगाम सुरू झाला, की ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि धाकटं पोर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली होतं. गरिबी कुणाला मारकुटं करत नाही. पण शब्द शिकायच्या, भांडण सोडवून घ्यायच्या नेमक्या वयात जवळ मोठं माणूस नसतं. सतराव्या वर्षी पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवण्यापेक्षा, हंगामात फडाजवळ अंगणवाडी चालते का, हे ग्रामसभेत विचारणं अधिक उपयोगाचं आहे.