दादाची कट्यार आणि माझी सॅक: लग्नातलं शस्त्र नेताना काय बघायचं?

लोकलच्या दारात एक कान मोकळा ठेवून ऐकणाऱ्यांना खास नमस्कार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर, थोडा आवरून-सावरून.

आज माझीच फजिती सांगते. मुलुंडच्या माझ्या चुलतभावाचं लग्न नागपूरला होतं. मी करवली. घरातली जुनी कट्यार, लाल मखमली म्यानातली, हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात द्यायची. टोकाला लिंबू खोचलेलं. आमच्याकडे ही पद्धत पणजोबांपासून चालत आलीये. काकू म्हणाली, "मोठ्या बॅगेत नको गं, हरवली तर? तुझ्याजवळच ठेव." आणि मी ती शहाण्यासारखी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली.

विमानतळावर सॅक मशीनमध्ये गेली आणि पट्टा थांबला. "ये बैग किसका है?" मी हात वर केला. मागे रांगेत सगळं वऱ्हाड. जवान शांतपणे म्हणाला, "शादी का है, समझ गया. लेकिन ऊपर नहीं जाएगा." नशीब, काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी धावत परत गेले, सॅक सामानात टाकली आणि घामाघूम होऊन विमानात बसले.

दादा मात्र गप्प होता. सरकारी नोकरीसाठी त्याचं चारित्र्य पडताळणीचं काम चालू होतं. तो हळूच म्हणाला, "तायडे, गुन्हा नोंदला असता तर?" तेव्हा माझं हसू गेलं. परत आल्यावर मी हे सगळं नीट शोधून काढलं.

आधी पट्टी घ्या

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्याखालचे २०१६ चे नियम. आपल्याला वाटतं परवाना फक्त बंदुकीला लागतो. तसं नाहीये. नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला, सुरा हेही आहेत. माप असं: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. 'किंवा' हा शब्द नीट ऐका. दोन्हीपैकी एक जरी ओलांडलं तरी वस्तू यादीत आली. घरकाम, शेती, कारखाना यांसाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. त्यामुळे विळी, कोयता घरात असणं हा गुन्हा नाही.

मी घरी पट्टी घेऊन बसले. आमच्या कट्यारीचं पातं साडेसात इंच लांब. पास! मग मुठीजवळची रुंदी मोजली. सव्वादोन इंच. नापास! कट्यारीचा आकारच तसा असतो: मुठीपाशी रुंद, टोकाकडे निमुळती. सगळे लांबी मोजतात आणि रुंदी राहून जाते.

अशा शस्त्रांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचना काढून जिथे तसं ठरवलंय त्या भागात. मुंबईत तलवारी सापडल्याच्या बातम्या वाचा, त्यांत 'शस्त्र कायदा कलम ४, २५' हे शब्द हमखास दिसतील. कलम ४ हे त्या परवान्याचं आणि २५ शिक्षेचं. शिक्षा म्हणजे तुरुंगवास.

दुसरा कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चा. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात. त्या काळात तलवार, भाला, सुरा, अगदी सोटाही घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी असते. आदेश मोडला तर कलम १३५ लागतं. इथे नऊ इंच, दोन इंच हा हिशोब चालत नाही. म्हणजे मंडपात चाललेली गोष्ट वरातीत, घाटकोपरच्या भर रस्त्यावर, चालेलच असं नाही.

"पण ताई, आमची शोभेची आहे, धारच नाही!" हे मला बऱ्याच जणांनी सांगितलं. कायद्यात खेळण्यातलं शस्त्र वगळलंय, खरंय. पण रस्त्यावर पोलिसाला लांबून फक्त चमकतं पातं दिसतं. धार होती की नव्हती हे ठरेपर्यंत तुमचा दिवस पोलीस ठाण्यात गेलेला असतो.

फक्त आपणच का?

लग्नात सुरी लावणारे आपण एकटेच नाही. स्कॉटलंडमध्ये नवरदेव किल्ट घालतो आणि गुडघ्यापर्यंतच्या मोज्यात एक छोटी सुरी खोचतो. तिचं नाव 'स्कीअन डू', म्हणजे काळी सुरी. ब्रिटनमध्ये चाकू घेऊन फिरण्याबद्दलचे कायदे कडक आहेत. तरी इंग्लंड-वेल्सच्या १९८८ च्या आणि स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात 'राष्ट्रीय पोशाखाचा भाग' हा बचाव चक्क लिहून ठेवलाय. पण तो रस्त्यावर. विमानात शिरताना तीही सुरी मोठ्या बॅगेतच जाते.

आपल्याकडे पोशाखाचा असा बचाव लिहिलेला नाही. शिखांच्या कृपाणाचं वेगळं आहे. कृपाण धारण करणं हा शीख धर्म पाळण्याचाच भाग आहे, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय. म्हणून देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण जवळ ठेवता येतं: पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. आपल्या कट्यारीला ही सवलत नाही. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये राजगायकाला कट्यारीसोबत एक खून माफ असतो. मंडळी, आपल्याला पाव इंचही माफ नाही!

मग करायचं काय?

एक, लग्न ठरलं की कट्यार मोजा. लांबी आणि रुंदी, दोन्ही. मापात बसत नसेल तर तिची पूजा घरीच करा आणि सोबत लहान न्या.

दोन, विमानाने जाताय तर म्यानात घालून, जाड कापडात गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा आणि विमान कंपनीला आधी विचारा. हातातल्या सामानात अजिबात नको. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोतही बॅग मशीनमधून जाते, तिथेही शस्त्र चालत नाही.

तीन, कट्यार मंडपात काढा, विधी झाला की म्यानात आणि एखाद्या मोठ्या माणसाच्या ताब्यात. वरात रस्त्यावर निघणार असेल तर मनाई आदेश आहे का, हे जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. विचारल्याने कोणी लहान होत नाही.

चार, तलवारीने केक कापायचा रील, प्लीज नको. तो व्हिडिओ हाच पुरावा असतो आणि तो तुम्हीच अपलोड केलेला असतो.

आणि एक साधा मार्ग आजीने सांगितला. तिच्या माहेरी नवरदेवाच्या हातात कट्यार नसायचीच, अडकित्ता असायचा. सुपारी कातरायची घरातली वस्तू! धाकट्या भावाच्या लग्नात, बोरिवलीच्या हॉलमध्ये, आम्ही तेच केलं. लिंबू होतं, हळद होती, फोटोही झकास आले. कट्यार देवघरात, आणि दादा आता नोकरीत रुजू झालाय.

मी काही वकील नाही. अडचण आली तर वकिलालाच गाठा. पण पट्टी तर प्रत्येकाच्या घरात असते ना? तुमच्याकडे नवरदेवाच्या हातात काय देतात, ते व्हॉइस नोट करून कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!